दुडक्या चालीचा तांबडा

लग्न ठरवताना आमच्या घरी सांगितलं गेलं होतं, की मुलाच्या वडिलांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. मुलगा बोटीवर इंजिनीअर, वडील ट्रान्सपोर्टमध्ये. आमच्या पुण्याच्या घराला आणखी काय हवं होतं? लग्नानंतर मिरजेला गेले तेव्हा कळलं, सासऱ्यांचा ट्रान्सपोर्ट म्हणजे एक टांगा आणि एक घोडी. मी चांगली फणफणले. हे मान खाली घालून म्हणाले, "टांगा म्हणजे वाहतूकच की गं." तेव्हापासून आमच्याकडे कुणी बढाई मारायला लागलं, की मी म्हणते, "हं, ट्रान्सपोर्ट का?"

सासरे मला फार वर्षं लाभले नाहीत. पण ह्यांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, ती उरुसातल्या टांग्यांच्या शर्यतीची. त्या शर्यतीत घोड्यानं दुडकतच धावायचं. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. हे जेवणाच्या टेबलावर दोन्ही हातांची बोटं आपटून ती चाल दाखवायचे आणि आमटी सांडायचे. घोडा चौखूर उधळला, की शर्यतीतून बाद. मी विचारलं, "म्हणजे पळायच्या शर्यतीत पळायला बंदी?" हे म्हणाले, "पळायला नाही. उधळायला बंदी. कितीही घाई झाली तरी चाल मोडायची नाही."

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे सिंगापुरात जे झालं ते त्या टांग्याशिवाय कुणाला कळणार नाही.

बोटीवरची वर्षं संपल्यावर ह्यांना इथल्या बंदरात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, सेंगकांगला फ्लॅट घेतला, मुलगी शिकली, लग्न होऊन पुंगोलला गेली. मग ह्यांची बायपास झाली आणि नोकरी सुटली. इंजिनीअर माणूस घरी बसला की काय होतं ते ज्या बायकांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. पहिले काही महिने हे फ्रिजला कान लावून "बेअरिंग गेलंय" म्हणायचे, वॉशिंग मशीन उघडून बसायचे. मी वैतागायचे. मग तेही थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. सकाळी खिडकीशी बसायचे ते खालून जाणाऱ्या एलआरटीच्या छोट्या गाड्या बघत संध्याकाळपर्यंत तिथेच. चहा गार व्हायचा. मी तोंडाळ बाई आहे हे मला माहीत आहे, आणि भीती वाटली की मी आणखी बडबडते. त्या वर्षी मी फार बडबडले.

मुलीनंच शोधून काढलं, की क्रांजीच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारी एक जागा आहे आणि तिथे फुकट काम करणारी माणसं हवी आहेत. हे जायला तयार नव्हते. "पप्पा, जस्ट गो लाह," ती म्हणाली, आणि मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि टोपी दिली.

पहिल्या दिवशी हे घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात. "अगं, दुडकीचा घोडा आहे तिथे," म्हणाले. किती दिवसांनी ह्यांनी आपणहून एक अख्खं वाक्य बोललेलं मी ऐकत होते. बुटांची घाण दिसत असूनही मी गप्प बसले.

तो घोडा न्यूझीलंडचा. तिकडे दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपून शर्यती लावतात, आणि नियम सासऱ्यांच्या उरुसातलाच: दुडकी चाल मोडायची नाही. मोडली तर तिथे बाद करत नाहीत एवढंच, पण घोड्याला आवरून पुन्हा चाल धरेपर्यंत बाकीच्यांना पुढे जाऊ द्यावं लागतं. हा त्या शर्यतींतला एके काळचा मोठा विजेता. म्हातारा झाल्यावर, स्वभावानं गरीब म्हणून, कुणीतरी त्याला इथे शिकाऊ मुलांसाठी विकत आणला होता. त्याचं खरं नाव ऐटबाज होतं, ते मी इथे घेत नाही. रंगानं तांबूस, म्हणून आमच्या घरात तो तांबडा.

तबेल्यात त्याची फारशी किंमत नव्हती. शिकणाऱ्या मुलांना थोडं बसता आलं, की घोडा चौखूर पळवायचा असतो, आणि हा पळतच नसे. टाच मारली की दुडकी वाढवायचा. आणखी मारली, आणखी वाढवायचा. पाठीवरचं मूल उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं उडायचं आणि रडायला लागायचं. तबेल्याची व्यवस्था बघणारी बाई चिनी, पन्नाशीची, कामाची. ती ह्यांना म्हणाली, "अंकल, ही कान्ट." त्यावर हे घरी येऊन माझ्याशी भांडल्यासारखे बोलले. "येत नाही म्हणे. अगं, जन्मभर त्याला एकच शिकवलंय, की सुटलास तर हरलास. आता म्हातारपणी म्हणतात सूट. कसा सुटेल?"

आठवड्यातून तीन दिवस हे जायला लागले. खरारा करायचा, खूर साफ करायचे, चिखल झाला की धुवायचं. मी कधीमधी डबा घेऊन जायचे. घोडा मला आवडला असं नाही, खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटायची. एवढं मोठं डोकं घेऊन अंगावर येतो, तोंडाला गवताचा वास. पण ह्यांचा हात त्याच्या मानेवरून फिरताना बघितला, की मला बरं वाटायचं. ह्यांच्या गालांवर रंग आला होता. खिडकीशी बसणं संपलं होतं.

आणि मग त्याच्या शर्यती सापडल्या. कुणीतरी सगळ्या नेटवर टाकून ठेवल्या होत्या. दुपारची जेवणं झाली, की हे टीव्हीला लॅपटॉप जोडायचे आणि आम्ही दोघं सोफ्यावर. सुरुवातीला मी भाजी निवडत बसायचे, नुसती सोबत म्हणून. नंतर भाजी तशीच राहायला लागली.

पहिली शर्यत बघून तर मला हसूच आलं. तांबडा कोवळा, पाय नुसते लांबच लांब. सुटताक्षणी उधळला, गाडीतला माणूस मागे रेलून लगाम ओढतोय, बाकीचे सगळे पुढे. शेवटून पहिला आला. पुढच्या दोन-तीन शर्यतींतही तेच. "हा कसला चॅम्पियन?" मी म्हटलं. हे म्हणाले, "थांब."

मग त्याला चाल सापडली. ती कशी सापडली ते दिसत नाही. एका शर्यतीत नव्हती आणि पुढच्या शर्यतीत होती. मान पुढे, कान मागे, पाठ पाण्यानं भरलेलं ताट नेल्यासारखी स्थिर आणि खाली पाय नुसते फिरतायत. त्या वर्षी तो जिंकतच गेला. गवताच्या मैदानावर, वाळूवर, पावसात, दिव्यांच्या उजेडात. गाडीतला तो बारका माणूस सुरुवातीला चाबूक घ्यायचा, नंतर त्यानं चाबूक धरणंच सोडलं. निवेदकाचं इंग्रजी मला कळत नसे, पण शेवटच्या वळणावर तो तांबड्याचं नाव ओरडायला लागला, की मी सोफ्यावरून उठलेली असायचे. हे मला चिडवायचे, "पुणेकर, घोड्याच्या नादी लागलात."

एक शर्यत मात्र हे पुन्हा पुन्हा लावायचे आणि मी नको म्हणायचे. त्या देशातली सगळ्यात मोठी. तांबडा पहिला होता, मागच्याला गाठता येणार नाही इतका पुढे. आणि शेवटच्या टप्प्यात, कसल्या सावलीला बिचकला की काय, पाय चुकला. दोन-चार ढांगा चौखूर. गाडीतला माणूस जवळजवळ आडवा झाला, लगाम ओढला, आणि तांबडा स्वतःच थांबत आला. मागचे एकेक करून पुढे निघून गेले आणि तो त्यांना जाऊ देत होता. मग पुन्हा चाल धरली आणि तिसरा आला. लोक ओरडत होते. त्याची मान खाली होती.

"कळलं त्याला," हे म्हणाले. "माणसानं ओढायच्या आधी त्यानं स्वतःला ओढलंय, बघ." मला रडू येत होतं आणि मी ते टीव्हीवर काढलं, बंद करा म्हटलं.

त्यानंतरची वर्षं बघायला आम्हाला जड गेलं. जिंकला, पण कमी वेळा. मग दुसरा, मग पाचवा. मैदानं लहान होत गेली. कुंपणाशी चार माणसं आणि एक कुत्रं. शेवटच्या शर्यतीत निवेदकानं त्याचं नाव सुरुवातीला एकदा घेतलं ते पुन्हा घेतलंच नाही. तांबडा त्याच सुरेख चालीनं, एकही पाय न चुकवता, सगळ्यांच्या मागून आला. बायपासनंतर ऑफिसात निरोपाचा केक कापला त्या दिवशी हे जसे दिसत होते, तसा मला तो दिसला. 

तोवर इथलं रेसकोर्स बंद झालं होतं, आणि त्यानंतर वर्षभरात आमच्या तबेल्याची जागाही सरकारला परत द्यायची ठरली. या देशात जमीन कुणाचीच नसते, सगळे भाडेकरू. घोड्यांना नवी घरं शोधायला सुरुवात झाली. तरणे, देखणे, चौखूर पळणारे लगेच गेले. तांबड्याला कुणी विचारेना. इथल्या बाकीच्या तबेल्यांत मोकळं ठाण नव्हतं, परत न्यूझीलंडला पाठवावं तर गुडघे सुजलेले, डॉक्टर म्हणाले एवढा विमानप्रवास झेपणार नाही. त्या बाईनं ह्यांना समोर बसवून सरळ सांगितलं. जागा सोडायच्या दिवसापर्यंत सोय झाली नाही, तर त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल.

हे घरी आले आणि पुन्हा खिडकीशी बसले. मी म्हटलं, "अहो, आणा त्याला इथे. अकराव्या मजल्यावर, लिफ्टनं." हे हसले नाहीत. मीही हसायला म्हणून बोलले नव्हते, काहीतरी बोलायला हवं होतं. मला घोड्याचं वाईट वाटत होतं, पण जास्त वाटत होतं ते ह्यांचं. तो गेला तर हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

आणि तशात एक दार उघडलं. अपंग मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम देणारी एक संस्था होती. त्यांना एक शांत घोडा हवा होता. चौखूर पळायची गरज नाही, उलट न पळणाराच बरा. हे वेड्यासारखे खूश झाले. "अगं, जे येत नाही म्हणून हिणवलं, तेच त्यांना हवंय," असं त्या दिवशी मला निदान दहादा ऐकवलं. मी देवापुढे साखर ठेवली. इतक्या वर्षांत घोड्यासाठी ठेवीन असं वाटलं नव्हतं.

संस्थेच्या दोन बायका परीक्षा घ्यायला आल्या. आम्ही दोघं वाळूच्या रिंगणाबाहेर कठड्याला धरून उभे. त्यांनी तांबड्याच्या तोंडासमोर फटकन छत्री उघडली. तो नुसता बघत राहिला. पोटाखालून चेंडू घरंगळवला, प्लास्टिकची पिशवी फडफडवली, काही नाही. मग मागून व्हीलचेअर आणली. मागून चाकं आली की भले भले घोडे उडतात, असं ती तबेल्याची बाई आमच्या कानाशी पुटपुटली. तांबड्यानं चाकांचा आवाज ऐकला, एक पाऊल मागे सरकला, पाय सरळ केले आणि मान खाली घालून उभा राहिला. गाडी जुंपायची वाट बघत होता बिचारा. ह्यांनी चष्मा काढून पुसला. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला वाटलं, झालं, जिंकला.

शेवटी त्यांतली एक त्याच्यावर बसली. दुसरीनं दोर सोडून दिला आणि बाजूला झाली. आता त्यानं नुसतं थोडा वेळ एकटं उभं राहायचं होतं. तो उभा होता. तेवढ्यात कुंपणापलीकडे, जिथे पाडकाम सुरू झालं होतं, तिथे लॉरीतून पत्रा पडला. मोठ्ठा आवाज. तांबड्याचे कान उभे राहिले, अंगावरून थरथर गेली, पण पाय हलला नाही.

आणि ह्यांनी त्याला चुचकारलं.

आमच्याकडे जनावर बिचकलं की दुसरं काय करतात? जिभेनं च्‌ च्‌ च्‌ करतात. सासरे घोडीला हाकायचे ते चाबकाचा दांडा चाकाच्या आऱ्यांत खडखडवून. चुचकारायचे ते शांत करायला. हे बाळपणापासून तेच ऐकत आलेले. आमची मुलगी तापानं फणफणली होती तेव्हाही असंच चुचकारायचे. त्या आवाजात ह्यांची सगळी माया होती.

तांबडा सुटला. म्हणजे उधळला नाही. दुडकीत सुटला, शर्यतीतल्या दुडकीत. वरची बाई मागे झोकली गेली आणि तिनं आयाळ धरली. हे घाबरले आणि आणखी मोठ्यानं चुचकारायला लागले. तो आणखी जोरात. हे आणखी. तबेल्याची बाई धावत आली, "अंकल, स्टॉप! डोन्ट मेक दॅट साउंड!" ह्यांना आधी कळेचना कुठला साउंड. तोवर वरची बाई घसरून वाळूत पडली होती. मनगट मुरगळलं, नशीब तेवढ्यावर निभावलं.

खोटं कशाला बोलू, मी त्या बाईकडे बघत नव्हते. पाठ मोकळी झाल्यावर तांबडा रिंगणाला फेरी मारत होता, मान पुढे, कान मागे, सुजलेल्या गुडघ्यांसकट. टीव्हीवर बघितलेला तो हाच, आणि तो माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. मग आपणच मंदावला आणि सरळ ह्यांच्यापाशी येऊन थांबला, नाकपुड्या फुललेल्या.

त्या बायका चांगल्या होत्या. तरी त्या म्हणाल्या, असा घोडा आम्ही मुलांना देऊ शकत नाही. आणि कसा देतील?

नंतर तबेल्याच्या बाईनं आम्हाला समजावलं. त्यांच्या जगात तो आवाज म्हणजे 'चल'. गाडीला पहिल्यांदा जुंपतात त्या दिवसापासून घोड्याला तेवढं एकच शिकवतात. हे ठाणापाशी चुचकारायचे तेव्हा तांबडा जागच्या जागी पाय बदलायचा, आणि आम्हाला वाटायचं, ओळखतो, खूश होतो. तो निघायला बघत होता. ठाणात जागा नव्हती म्हणून राहिला होता.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत हे सगळा वेळ हाताच्या तळव्यांकडे बघत होते.  

पुढच्या आठवड्यांत दुसरं कुणी मिळालं नाही. ठरलेल्या सकाळी मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी जाऊन येते. हे म्हणाले, "त्याला ओळखीचं कुणीतरी नको?" दोघंही गेलो. हे आधी अर्धा तास खरारा करत बसले. आयाळ विंचरली. सगळं मुक्यानं, त्या परीक्षेपासून ह्यांनी तबेल्यात तोंड उघडलं नव्हतं. मी गाजरं नेली होती, ती माझ्या हातानं भरवली. त्याचे ओठ मऊ होते. भीती वाटली नाही.

मागच्या गवतावर झाडाखाली डॉक्टर थांबले होते. तबेल्याच्या बाईनं दोर धरला आणि तांबड्याला बाहेर काढायला लागली. तो ठाणाच्या दारात अडला. ओढलं तर मान वर केली, मागून ढकललं तर पाय रोवले. कधी कुणाला त्रास न दिलेलं जनावर ते. एक कामगार काठी घेऊन आला, तिनं त्याला हातानंच परत पाठवलं. खूप वेळ असाच गेला. मग तिनं ह्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते. "अंकल," एवढंच म्हणाली.

ह्यांनी पुढे होऊन तिच्या हातातून दोर घेतला. मला वाटलं, हे नाही म्हणतील. मी मनातून म्हणत होते, नाही म्हणा हो.

च्‌ च्‌ च्‌.

तांबड्यानं कान हलवले आणि निघाला. चालत नाही, दुडकत. हे शेजारून दोर धरून धावताहेत, बायपास झालेला माणूस, मी मागून ओरडतेय, "अहो, सावकाश." गवत ओलांडून झाडापर्यंत. तिथे हे थांबले तसा तोही थांबला.

परत येताना क्रांजी स्टेशनवर आम्ही एक गाडी जाऊ दिली, मग आणखी एक. बाकावर बसलो होतो. हे म्हणाले, "मी चल म्हटलं आणि तो आला गं." मी ह्यांचा हात धरला. तिसरी गाडी आली तीही आम्ही जाऊ दिली.